निदानानंतरचा खर्च कोणाचा?

स्वमग्नतेचे निदान सरकारी रुग्णालयात होते. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. वाचा-उपचार, व्यवसायोपचार वर्षानुवर्षे लागतात, पण बहुतेक विमे रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना अपवाद आहे: वर्षाला एकूण १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण, त्यात थेरपीही. मात्र थेरपीसाठीची मर्यादा तोकडी, आणि पैसे आधी पालकांनी भरायचे. तारापूर एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराला मुलाला घेऊन बोईसरहून मुंबई गाठायची तर त्या दिवसाची मजुरीही बुडते. म्हणून थेरपीची मर्यादा वाढवावी आणि पालघर-बोईसरमध्येच रोख न भरता उपचार मिळावेत. पालकांनी तोवर दिव्यांगत्व प्रमाणपत्र काढून ‘निरामय’मध्ये नोंदणी करावी, नूतनीकरण चुकवू नये.