‘येस’ दाबण्याआधी : घरच्या संगणकाची किल्ली कोणाकडे?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर वनतपासणी नाका कोणाला नवा नाही. लाकूड किंवा बांबू भरलेली गाडी आली, की माल कोणाचा, कुठून आला, कुठे चालला हे वाहतूक परवान्यावर पाहिले जाते आणि मगच फाटक उघडते. घरच्या विंडोज संगणकातही असाच एक नाका आहे. तिथे मात्र परवाना न वाचताच फाटक उघडून देण्याची सवय अनेकांना लागली आहे.

हा नाका कोणता?

नवा प्रोग्राम टाकताना स्क्रीन अंधारते आणि ‘या ॲपला संगणकात बदल करू द्यायचे का?’ अशा अर्थाची इंग्रजी चौकट येते. ही सोय म्हणजे ‘यूजर अकाउंट कंट्रोल’. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टासोबत ती घरोघरी आली. त्याआधी विंडोज एक्सपीवर बहुतेक जण ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच काम करत. त्यामुळे चोरपावलांनी शिरलेल्या प्रोग्रामलाही सगळे अधिकार आयतेच मिळत.

धोका कुठे आहे?

अनेक घरांत संगणक एकच असतो. त्यावरच शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो, त्यावरच मुलांचे गेम चालतात. जातवैधता प्रमाणपत्र, सातबारा, बँकेचे कागद त्यातच असतात. फुकटचा गेम किंवा ‘क्रॅक’ केलेले सॉफ्टवेअर ‘अँटिव्हायरस बंद करा, येस दाबा’ असे सांगते आणि घाईत ते ऐकले जाते. दुसरा धोका फोनवरून येतो. ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणारा भामटा दुरून संगणक चालवण्याचे ॲप टाकायला लावतो. अशा ॲपबाबत रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सावध केले होते. त्यात सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाण सुमारे २०० किलोमीटरवर. अर्जाच्या शेवटच्या तारखेला संगणक बसला, तर दाद कुठे मागायची?

काय करावे?

घरात दोन खाती ठेवावीत. विंडोज बसवताना तयार होणारे पहिले खाते ॲडमिनिस्ट्रेटरचे असते आणि बहुतेक घरांत रोजचे कामही त्यावरच चालते. म्हणून ‘सेटिंग्ज’मधील ‘अकाउंट्स’मध्ये जाऊन आधी एक नवे खाते उघडावे, त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करावे आणि पासवर्ड द्यावा. मग त्या खात्यातून रोजचे खाते ‘स्टँडर्ड’ करावे. फाइली जागच्या जागी राहतात. फक्त मोठा बदल करताना पासवर्ड मागितला जातो. तो घरातील जाणत्या माणसाकडे असावा, मॉनिटरवर चिकटवलेला नसावा.

चौकट कशी वाचावी?

‘पब्लिशर’पुढचे नाव पाहावे. निळी पट्टी म्हणजे प्रोग्राम कोणाचा हे पडताळले आहे. पिवळी पट्टी आणि ‘अननोन’ म्हणजे मालक अज्ञात. निळी पट्टी मालकाची ओळख सांगते, त्याच्या हेतूची हमी देत नाही. स्वतः काही टाकत असताना चौकट आली, तर नाव वाचून ठरवावे. काही न करता अचानक आली, तर ‘नो’. आणि फोनवरचा माणूस ‘येस’ दाबायला सांगत असेल, तर फोनच ठेवावा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर कळवावे.

एवढ्याने भागते का?

नाही. स्टँडर्ड खात्यातील फाइलीही घातक प्रोग्राम कुलूपबंद करू शकतो. म्हणून महत्त्वाच्या कागदांची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावी आणि काम झाले की तो काढून ठेवावा. संगणक विकणाऱ्या दुकानदारांनीही दोन खाती करूनच तो ग्राहकाच्या हाती द्यावा. दहा मिनिटांचे काम आहे.

धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. परवान्यावर सही करणारा हात आपला असला, की कागद वाचण्याची जबाबदारीही आपलीच होते. घरच्या संगणकावर तो हात रोज माऊसवर असतो.