संथाळ ‘आणि इतर’

नवा जिल्हा झाला की आपल्याकडे चर्चा होते ती मुख्यालय कुठल्या गावाला मिळाले आणि पालकमंत्रीपद कुणाच्या पदरात पडले याची. हद्द हलली की तिच्याबरोबर कायदा हलतो, कधी कधी माणसाचा दर्जाही हलतो, याकडे फारसे कुणी पाहत नाही. मलाही हे नीट कळले ते बंगाल इलाख्यातला एक जुना कायदा वाचताना. १८५५ सालचा ३७ वा कायदा. भागलपूर आणि बीरभूम जिल्ह्यांचे तुकडे काढून त्याने संथाळ परगणा हा नवा जिल्हा केला. ‘संथाळ आणि इतर’ लोक राहतात ते प्रदेश सर्वसाधारण कायद्यांच्या अंमलातून काढण्यासाठी हा कायदा आहे, असे त्याच्या मथळ्यातच म्हटले आहे. पुढे प्रस्तावनेत संथाळांना सरळ असंस्कृत ठरवले आहे. ते अपेक्षितच होते. मी अडखळले ती ‘आणि इतर’ या दोन शब्दांवर.

त्याआधी त्या मुलखात आणखी एक हद्द आखली गेली होती. राजमहालच्या डोंगरांभोवती १८३२-३३ मध्ये कंपनी सरकारने खांब रोवले आणि सुमारे १,३६६ चौरस मैलांचा टापू आपला म्हणून जाहीर केला. नाव दिले दामिन-इ-कोह, म्हणजे डोंगराचा पदर. डोंगर होते पहाडिया जमातींचे. ते फिरती शेती सोडून नांगर धरेनात, म्हणून पायथ्याचे जंगल तोडायला संथाळांना येऊ दिले. १८३८ मध्ये तिथे तीनेक हजार संथाळ असावेत असा अंदाज होता. १८५१ मध्ये १,४७३ गावे आणि ८२,७९५ माणसे मोजली गेली. एका जमातीच्या हातातली जमीन काढून ती दुसरीकडून कसून घेतली आणि सारा सरकारने वसूल केला. ज्या पहाडियांच्या नावाने हा ‘पदर’ आखला, ते आज विशेष असुरक्षित आदिवासी समूहांच्या यादीत आहेत.

जंगल तुटून शेत झाले, शेतामागे सावकार आला. धान्य उधार द्यायचे, कर्ज फिटेपर्यंत माणूसच राबायला ठेवायचा. या वेठीला कमियौती म्हणत. ती बापाकडून मुलाकडे जाई. दामिनचा अधीक्षक सारा गोळा करी, पण तंट्यांचा निवाडा करण्याचा अधिकार त्याला नव्हता. न्याय हवा तर भागलपूरसारख्या दूरच्या कचेरीत जायचे. तिथे अर्ज लिहिणारा, मुखत्यार, अंमलदार सगळे परक्या भाषेचे, वरच्या जातींचे आणि बहुधा सावकाराच्या ओळखीचे. पुण्याकडच्या शेतकऱ्याला भटकामगारांच्या कचेरीत काय भोगावे लागते, ते जोतीरावांनी पुढे लिहिलेच. राजमहालच्या संथाळाला त्या कचेरीपर्यंत आधी दिवसचे दिवस चालावे लागे.

३० जून १८५५ रोजी भोगनाडीह गावात सिदो आणि कान्हू मुर्मू यांनी हूल पुकारला. चांद, भैरव हे भाऊ आणि फूलो, झानो या बहिणी त्यांच्याबरोबर होत्या. याला आपण संथाळांचा उठाव म्हणतो आणि ते बरोबरच आहे. पण गावातले लोहार, कुंभार, तेली, ग्वाला, डोम, जुलाहे हूलच्या बाजूने होते, अशी नोंद त्या वेळच्या सरकारी पत्रव्यवहारातच आहे. लोहाराने बाणांची पाती घडवली. सावकार आणि जमीनदार ज्यांच्या मानेवर बसले होते ते सगळे एका बाजूला आले. इतिहासाच्या शालेय पुस्तकात ही माणसे सापडत नाहीत. कायद्याच्या मथळ्यात ती दोन शब्दांत आहेत, इतकेच.

नोव्हेंबरमध्ये लष्करी कायदा पुकारला गेला, हजारो माणसे मारली गेली, आणि २२ डिसेंबरला हा कायदा मंजूर झाला. म्हणजे जिल्हा आखला तो भीतीपोटी. हाकिमाला गावाजवळ आणून बसवले, १८५६ च्या नियमांनी फिर्याद तोंडी आणि थेट ऐकायची सोय केली, मधला मुखत्यार काढला. मात्र एक हजार रुपयांवरचे दिवाणी दावे जुन्याच कायद्यांनी चालतील, हे कलमही त्यात घातले. हजाराचा दावा संथाळ थोडाच लावणार होता! जमीनदार-सावकारांची वाट तेवढी मोकळी ठेवली. १८६० च्या दशकात बाकीचे सर्वसाधारण कायदेही हळूहळू परत शिरले, पुन्हा असंतोष धुमसला, तेव्हा कुठे १८७२ चे तिसरे रेग्युलेशन आले आणि गावाच्या मांझीचा, रयतेच्या जमिनीचा हक्क नोंदला जाऊ लागला. आज लागू आहे तो १९४९ चा संथाळ परगणा कुळकायदा या सगळ्यातून आला आहे.

दोन वर्षांनी, १८७४ मध्ये, अशाच ‘वगळलेल्या’ मुलखांची देशभराची यादी झाली. तिच्यात मुंबई इलाख्यातल्या खानदेशच्या सातपुड्यातली मेवासी गावेही होती. काठी, नाल, सिंगपूर, चिखली ही त्यातल्या सरदारांच्या ठिकाणांची नावे. आज हा मुलूख नंदुरबारमध्ये येतो. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीची वंशावळ शोधत मागे गेलात तर याच याद्यांपाशी पोहोचता. वगळण्यासाठी आखलेली रेघ तिच्या आतल्या लोकांनी भांडून भांडून ढाल केली. ही इंग्रजांची कृपा नव्हे.

त्या ढालीत ‘इतर’ही आहेत, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९४९ च्या कायद्याचे कलम २० रयतेची जमीन सहजासहजी हस्तांतरित होऊ देत नाही आणि ते रयतेची जात किंवा जमात पाहत नाही. संथाळाची जमीन जशी विकत घेता येत नाही, तशीच तेल्याची, कुंभाराचीही नाही. २०१६ मध्ये झारखंड सरकारने हा कायदा बदलायला घेतला, तेव्हा मोठा विरोध झाला. २०१७ मध्ये तेव्हाच्या राज्यपाल द्रौपदी मुर्मू यांनी विधेयक परत पाठवले.

आता पुन्हा रेघांची भाषा सुरू झाली आहे. जुलै २०२४ मध्ये गोड्ड्याच्या खासदारांनी लोकसभेत मागणी केली की संथाळ परगणा आणि बिहार-बंगालचे काही जिल्हे मिळून केंद्रशासित प्रदेश करावा. कारण दिले ते आदिवासींचे घटते प्रमाण आणि घुसखोरी. प्रमाण घटले आहे हे जनगणना सांगते. पण दीडशे वर्षे संथाळ इथून आसाम आणि डुआर्सच्या चहामळ्यांत नेले गेले, पोटासाठी जात राहिले, हे त्या हिशेबात कुठे आहे? आसामात गेलेल्या संथाळाला तिथे अनुसूचित जमातीचा दर्जाही नाही. राज्याची हद्द ओलांडली आणि तो आदिवासी उरला नाही.

जुना संथाळ परगणा आज सहा जिल्ह्यांत विभागला आहे. दुमका, जामताडा, पाकुड आणि साहिबगंज पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत, गोड्ड्याचे फक्त दोन ब्लॉक आहेत, देवघर नाहीच. जनगणनेनंतर मतदारसंघ पुन्हा आखले जातील. २००८ मध्ये झारखंडात हे काम थांबवावे लागले होते, कारण विधानसभेच्या ८१ पैकी आदिवासींसाठी राखीव २८ जागा कमी होणार होत्या. विधानसभा नसलेल्या केंद्रशासित प्रदेशात तर या जागांचा प्रश्नच मिटतो. कायदे दिल्लीत होतात, कलम २० चेही. नव्या हद्दीचा आग्रह धरणाऱ्यांनी आधी हे सांगावे, की त्यानंतर दुमक्याच्या संथाळाने आणि त्याच्या शेजारच्या कुंभाराने आपल्या जमिनीसाठी कुठल्या सभागृहाचे दार ठोठवायचे.