सॅपेलो बेट : पूल नाही, पण प्रश्न जमिनीचा आहे

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यालगत सॅपेलो नावाचं बेट आहे. तिथे जायला पूल नाही. मेरिडियन नावाच्या धक्क्यावरून सरकारी फेरीबोट सुटते आणि साधारण वीस मिनिटांत बेटावर पोहोचवते. वाटेल त्याने वाटेल तेव्हा बोटीत बसावं असंही नाही. एकतर ठरलेल्या सहलीत नाव हवं, नाहीतर बेटावर राहणाऱ्या कोणीतरी तुम्हाला पाहुणा म्हणून बोलावलेलं हवं. बेटाची जवळपास ९७ टक्के जमीन राज्य सरकारची आहे. उरलेल्या चारशेहून थोड्या अधिक एकरांत हॉग हॅमक ही एकच वस्ती आहे आणि तिथे कायमची राहणारी माणसं आता पन्नाससुद्धा नाहीत.

ही माणसं गल्ला-गीची समाजाची. पश्चिम आफ्रिकेतून त्यांच्या पूर्वजांना पकडून आणलं ते भात, नीळ आणि कापूस पिकवायला. आफ्रिकेच्या भातपट्ट्यातल्या लोकांना शेतीचं ज्ञान होतं, म्हणून मालकांना तेच हवे होते. दलदल, मलेरिया आणि तुटलेला संपर्क यामुळे गोरे मालक बेटांवर फारसे थांबत नसत. त्यातूनच इंग्रजी आणि आफ्रिकी भाषांच्या मिश्रणाची स्वतंत्र बोली टिकली. टोपल्या विणण्याची कला आणि स्वयंपाकही टिकला. सॅपेलोवर बिलाली मुहम्मद नावाचा गुलाम मुकादम होता. त्याने अरबीत लिहिलेलं छोटं हस्तलिखित आजही जॉर्जिया विद्यापीठात आहे. गुलाम म्हणजे निरक्षर, हा समज खोडून काढायला तेवढं पुरेसं आहे.

आता जमिनीकडे येऊ, कारण सगळं तिथेच अडकलं आहे. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मनने हुकूम काढून या किनारपट्टीची जमीन मुक्त झालेल्या गुलामांना प्रत्येक कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत देण्याचं ठरवलं. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने ती जुन्या मालकांना परत दिली. तरीही सॅपेलोच्या लोकांनी हात टेकले नाहीत. १८७१ मध्ये तीन मुक्त गुलामांनी भागीदारीत रॅकून ब्लफ इथली जमीन पैसे मोजून विकत घेतली. ती दान किंवा अनुदान म्हणून मिळालेली नव्हती. पुढे १९३४ मध्ये तंबाखू उद्योगातला कोट्यधीश आर. जे. रेनॉल्ड्स ज्युनियर याने बेटाचा मोठा भाग घेतला आणि १९५० च्या दशकापासून विखुरलेल्या काळ्या वस्त्यांना अदलाबदलीच्या नावाखाली हॉग हॅमकमध्ये एकत्र कोंबलं. त्याच्या मृत्यूनंतर ती मालमत्ता राज्य सरकारकडे गेली. १९७८ मध्ये बेटावरची शाळा बंद झाली. शाळा गेली की तरुण कुटुंबं जातात, हे आपल्याकडच्या वाड्या-वस्त्यांना वेगळं सांगायला नको.

उरलेली जमीन वारसा हक्काची आहे. आजोबा मृत्युपत्र न करता गेले, मुलं-नातवंडं सगळी सहहिस्सेदार. आपल्या सातबाऱ्यावर वीस-वीस नावं असतात तसाच हा प्रकार. एखाद्या दूर राहणाऱ्या हिस्सेदाराने आपला वाटा बाहेरच्याला विकला की तो वाटपाचा दावा लावतो आणि प्रकरण लिलावापर्यंत जाऊ शकतं. जॉर्जियाने २०१२ मध्ये यावर कायदा करून वारसांना काही संरक्षण दिलं. पण त्याच सुमारास मालमत्ता कर अनेक पटींनी वाढला. बाहेरच्यांनी सुट्टीची घरं बांधली, भाव चढला, आणि त्या भावाने कर बसला तो तिथेच जन्मलेल्या म्हाताऱ्यांवर. इथे हाकलून द्यायला कोणी लाठी घेऊन येत नाही. करपावती येते.

सप्टेंबर २०२३ मध्ये मॅकिन्टॉश काउंटीच्या आयुक्तांनी ३ विरुद्ध २ मतांनी बांधकामाचा नियम बदलला. आधी घराला १,४०० चौरस फुटांची मर्यादा होती, ती ३,००० वर नेली. जुन्या नियमात या वस्तीला विशेष संरक्षणाची गरज आहे अशी कबुली होती, तीही काढून टाकली. घर मोठं झालं तर बिघडलं कुठे, असं कोणी विचारेल. बिघडतं ते असं, की लहान घराच्या मर्यादेमुळे श्रीमंतांना तिथे यायचा मोह कमी होता. भिंत नसलेल्या वस्तीचं ते एकमेव कुंपण होतं.

लोकांनी सह्या गोळा केल्या, १,८०० हून जास्त. वस्तीत पन्नास माणसं नाहीत, म्हणजे या सह्या मुख्य भूमीवरच्या शेजाऱ्यांच्या होत्या, आणि त्या काउंटीत बहुसंख्य मतदार गोरे आहेत. चळवळीत काम करणाऱ्याने हा आकडा नीट पाहावा. सार्वमत ठरलं, आगाऊ मतदान सुरूही झालं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायाधीशाने ते थांबवलं. ३० सप्टेंबर २०२५ रोजी जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि असं सार्वमत मागण्याचा नागरिकांचा हक्क मान्य केला. मधल्या काळात, १९ ऑक्टोबर २०२४ ला, संस्कृती महोत्सव संपवून परतणाऱ्या पाहुण्यांच्या पायाखाली धक्क्यावरची उतरती पायवाट कोसळली. सात जण गेले, सगळे वयोवृद्ध. ती पायवाट २०२१ मध्येच बसवलेली होती.

मग पूलच बांधा, असा सोपा उपाय सुचतो. शेजारच्या दक्षिण कॅरोलायनातल्या हिल्टन हेड बेटावर १९५६ मध्ये पूल झाला. मागोमाग गोल्फची मैदानं आली, फाटकबंद वसाहती आल्या, आणि त्यांच्या नावात 'प्लांटेशन' हा शब्द मिरवला गेला! आज तिथल्या काही गल्ला कुटुंबांना स्वतःच्या पूर्वजांच्या कबरीपर्यंत जायला फाटकावर परवानगी काढावी लागते. म्हणून सॅपेलोचे लोक पूल मागत नाहीत. सुरक्षित धक्का आणि परवडणारा कर मिळावा, एवढं त्यांना हवं आहे. माझ्या मते 'विकास हवा की संस्कृती' हा प्रश्नच खोटा आहे. विकास कोणाच्या सातबाऱ्यावर होतो, हे विचारलं पाहिजे.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची माहिती मागवली होती. हे नातं आपण पँथरच्या आठवणीपुरतं ठेवलं आहे. दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा सत्याग्रह आणि आजची गायरानाची अतिक्रमणं ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हॉग हॅमक परकं वाटायचं कारण नाही.

आपली बरीच मुलं-मुली आता अमेरिकेत शिकायला आहेत. कोणाला जायचं असेल तर सहल बेटावरच्याच माणसाकडून ठरवावी, मुक्काम आणि जेवण त्यांच्याकडेच घ्यावं, गीची लाल चवळी विकत मिळाली तर घ्यावी. कोर्नेलिया वॉकर बेली यांचं या बेटावरचं २००० सालचं आत्मकथन आधी वाचून जावं. फोटो विचारून काढावेत. आणि इथे प्लॉटचा भाव काय चाललाय, हे मात्र कोणाला विचारू नये.