रकान्यात कुणाचं नाव?



आमच्या समुपदेशन केंद्रात एखादी बाई ‘जगावंसंच वाटत नाही ताई’ म्हणते, तेव्हा सोबतची माणसं हमखास सुचवतात, ‘तिला पोरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावा.’ अशा शपथेने आत्महत्या टळते याला पुरावा नाही. उलट पुढच्या वेळी मनातलं बोलायची तिला चोरी होते.

त्याऐवजी आम्ही सुरक्षा आराखडा करतो. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मांडलेली ही पद्धत. एकच पान, तिच्या शब्दांत: घालमेल वाढल्याची खूण कोणती, तेव्हा मन कशात गुंतवता येतं, कुठे जाऊन बसता येतं, कुणाला सांगता येतं, दवाखान्याचा फोन, आणि घरातली घातक वस्तू दूर कशी ठेवायची. मरणाची तीव्र ऊर्मी बहुधा थोडाच वेळ टिकते. तेवढ्या वेळात साधन हाताशी नसलं तर जीव वाचू शकतो.

पण ‘विश्वासू नातेवाईक’ या रकान्यात कुणाचं नाव लिहायचं? मारणाऱ्या नवऱ्याचं? ‘तिथेच नांद’ म्हणून परत धाडणाऱ्या भावाचं? पिकावरचं औषध कुलपात ठेवलं, तर किल्ली कुणाकडे? २०२१ साली देशात ४५,०२६ स्त्रियांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांतल्या २३,१७८ गृहिणी. सरकारी तक्त्यात ‘कौटुंबिक समस्या’ हे कारण असतं. तेच कुटुंब आपण मदतीच्या रकान्यात भरायचं!

म्हणून मी नातं विचारत नाही. ‘रात्री अकराला दार वाजवलंस तर कोण उघडेल?’ असं विचारते. उत्तर बरेचदा शेजारीण, बचत गटातली बाई, अंगणवाडीताई असं येतं. मग तिच्याशी आधीच बोलून ठेवावं लागतं. पान घरात सापडलं तर मार बसेल अशी भीती असेल, तर ते तिच्याकडेच ठेवतो. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालतो, मराठीतही बोलता येतं; पण मोबाईल नवऱ्याच्या खिशात असेल तर फोनही शेजारणीचाच लागतो.

पोलिसांच्या धाकाने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं, आणि जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत उरलेलं नाही.

तुमच्या गटात रात्री दार उघडायला कोण तयार आहे? एक रात्र कुणाकडे झोपता येईल? येत्या बैठकीत नावं ठरवा आणि केंद्राला कळवा.