जुनाट वेदना आणि तंतुकणिका

जखम भरून येते, हाड सांधतें, सूज उतरते. परंतु दुखणें मात्र जात नाहीं, असा एखादा रुग्ण बहुतेक प्रत्येक मोठ्या कुटुंबांत असतो. तपासणीचे कागद निर्दोष येतात, आणि मग दुखण्याविषयींच शंका घेतली जाते. आमच्या डिंभे परिसरांत भाताच्या आवणीच्या दिवसांत वांकून काम करणाऱ्या बायकांची कंबर आणि वृद्ध मधुमेह्यांच्या तळपायांची आग, हीं दोन गाऱ्हाणीं नेहमींचीं आहेत. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या अथवा पुनःपुन्हा उलटणाऱ्या वेदनेस वैद्यकशास्त्र ‘जुनाट वेदना’ म्हणतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणांत तिला स्वतंत्र स्थान मिळालें आहे. या वेदनेचें मूळ शोधतां शोधतां संशोधक पेशींतील तंतुकणिकेपर्यंत येऊन पोहोंचले आहेत. तोच विषय आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

‘मायटोकॉन्ड्रिया’ हा शब्द कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञानें १८९८ सालीं योजिला. त्यांतील पहिल्या ग्रीक पदाचा अर्थ तंतु व दुसऱ्याचा कण. तेव्हां ‘तंतुकणिका’ हें आपलें नांव अगदीं अन्वर्थक होय. तिचें कार्य समजून घेण्यास डिंभेकरांस दूर जावयास नको. घोड नदीचें पाणी धरणानें अडविलें आहे. पायथ्याच्या वीजगृहांत तें खालीं येतांना चक्र फिरवितें व वीज निर्माण होते. तंतुकणिकाही अन्नापासून मिळालेल्या शक्तीनें आपल्या आंतल्या पडद्यापलीकडे हायड्रोजनचे भारित कण सांठविते. ते परत येतांना एक सूक्ष्म चक्र फिरतें आणि ‘एटीपी’ नांवाचें शक्तिद्रव्य तयार होतें. हें तत्त्व पीटर मिचेल यांनीं १९६१ सालीं मांडिलें. १९७८ सालीं त्याबद्दल त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां याचा वेदनेशीं संबंध काय? पाठीच्या कण्यापासून तळपायापर्यंत जाणारा ज्ञानतंतु सुमारें एक मीटर लांब असतो. एवढ्या वाटेवर ठिकठिकाणीं शक्ति पुरवावी लागते. ती कमी पडली म्हणजे सोडियमचे कण बाहेर लोटणारी तंतूंतील यंत्रणा मंदावते. शिवाय बिघडलेल्या तंतुकणिकांतून प्राणवायूचीं उपद्रवी संयुगें अधिक सुटतात. मग बाह्य कारण नसतांही तंतु वेदनेचा संदेश धाडूं लागतो. पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगावरील औषधानें पुष्कळांच्या हातापायांस वेदना जडतात. तें औषध दिलेल्या उंदरांच्या ज्ञानतंतूंत सुजलेल्या व पोकळ पडलेल्या तंतुकणिका फ्लॅटर्स व बेनेट यांनीं २००६ सालीं दाखविल्या. २०२२ सालीं नेदरलंड्समधील उट्रेख्ट येथील संशोधकांनीं याहून नवलाची गोष्ट प्रसिद्ध केली. उंदरांत दाह शमत असतां शरीराच्या रक्षक पेशी आपल्या तंतुकणिका ज्ञानपेशींस देतात, आणि हें दान घडलें नाहीं तर वेदना हटत नाहीं!

परंतु उंदरांत दिसलें तें माणसांत उपचार म्हणून सिद्ध झालें, असें कोणी समजूं नये. ॲसिटिल-एल-कार्निटीन हें तंतुकणिकांच्या कार्यास साह्य करणारें द्रव्य. स्तनाच्या कर्करोगासाठीं पॅक्लिटॅक्सेलच्या जातीचीं औषधें घेणाऱ्या ४०९ स्त्रियांवर त्याचा प्रयोग अमेरिकेंत झाला. त्याचा निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. तंतूंचा त्रास त्यानें टळला तर नाहींच. उलट चोवीस आठवड्यांनंतर हें द्रव्य घेणाऱ्या स्त्रियांतच तो अधिक आढळला. ‘शक्तिवर्धक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांवर व गोळ्यांवर पैसा घालण्यापूर्वीं गृहस्थांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें. मधुमेह्यानें साखर ताब्यांत ठेवणें व डॉक्टरांच्या सल्ल्यानें झेपेल तेवढें चालणें, हेच मार्ग आज अधिक भरंवशाचे आहेत.

प्रत्येक कंबरदुखीचें खापर तंतुकणिकांवर फोडतां येणार नाहीं, हें खरें. तथापि या संशोधनानें एक गोष्ट मात्र निश्चित शिकविली आहे. क्ष-किरणांस हाड दिसतें; तंतुकणिका दिसत नाहीं. यास्तव छायाचित्र निर्मळ आलें म्हणून दुखणें खोटें ठरत नाहीं. घरांत सून वा सासूबाई ‘अजून दुखतें’ म्हणाल्या, तर त्यास ढोंग म्हणण्याआधीं त्यांच्या हातांतलें काम आपण घ्यावें आणि त्यांस वैद्याकडे न्यावें, हें शहाणपणाचें व माणुसकीचें होय.