सहलीला मुलींनाही पाठवा

माझ्या मते शाळेची सहल जशी मुलांची, तशीच मुलींचीही असते. यंदा आमची सहल नगरला भुईकोट किल्ला आणि रणगाडा संग्रहालय बघायला गेली. आमच्या वर्गात ११ मुली आहेत. सहलीला आम्ही ४ जणीच होतो. मुलगे मात्र सगळे आले. हे मला बरोबर वाटत नाही, म्हणून लिहीत आहे.

काही पालक म्हणतात, 'पोरींना किल्ले न् रणगाडे बघून काय करायचंय?' त्यांना मी विचारते, हा किल्ला वाचवला कोणी? १५९५ साली मोगलांच्या फौजेने त्याला वेढा घातला. सुरुंग लावून तट पाडला. तेव्हा चांदबिबी स्वतः तिथे उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा बांधून घेतला. मोगलांना किल्ला मिळाला नाही. १५९६ साली तह झाला. हे एका बाईने केले. मग ती जागा मुलींनी नाही बघायची तर कोणी?

१९४२ च्या चळवळीत इंग्रजांनी नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद अशा १२ पुढाऱ्यांना याच किल्ल्यात कैदेत ठेवले. तिथेच १९४४ साली नेहरूंनी 'भारताचा शोध' हा मोठा ग्रंथ लिहिला.

रणगाडा संग्रहालय १९९४ साली सुरू झाले. तिथे देशोदेशीचे रणगाडे ओळीने उभे आहेत. आपल्या देशात बनलेला 'विजयंता' आहे आणि पाकिस्तानचा 'पॅटन'पण आहे. १९६५ च्या लढाईत वीर अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने असे पॅटन फोडले. ते शहीद झाले. त्यांना परमवीर चक्र मिळाले. पॅटन केवढा आणि जीप केवढी, हे पुस्तकात कळत नाही. जवळ उभे राहिल्यावरच कळते.

आम्हाला कोणी लगेच रणगाडा चालवायला सांगत नाही. पण २०२२ पासून खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींनाही घेतात. बघितलेच नाही तर तिकडे जावे असे वाटणार कसे?

पालकांच्या अडचणी खऱ्या आहेत. ज्वारीची काढणी असते, धाकट्या भावाला सांभाळायचे असते, पैसे नसतात. पण भावाला एक दिवस आजी सांभाळू शकते. गुरुजींनी सहल तीन महिने आधी सांगावी, म्हणजे थोडे थोडे पैसे साठतील. सहलीबरोबर एक बाईही असाव्यात, म्हणजे आयांना काळजी वाटणार नाही.

२०२४ साली नगरचे नाव अहिल्यानगर झाले. अहिल्यादेवी आपल्या शेजारच्या जामखेड तालुक्यातल्या, चौंडीच्या. एका खेड्यातल्या मुलीचे नाव शहराला चालते, तर खेड्यातल्या मुलींना त्या शहरात एक दिवस जाऊ द्या. पुढच्या सहलीला आम्ही ११ जणी पाहिजेत.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ता. कर्जत