अटल सेतूवर बाईकला बंदी का? आडव्या वाऱ्याचं गणित समजून घ्या

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, तेव्हापासून एक प्रश्न सारखा ऐकू येतो: कार ताशी १०० ने जाऊ शकते, मग बाईकला बंदी का? कारणं अनेक आहेत. पण माझ्या मते वाऱ्याकडे आपलं सगळ्यात कमी लक्ष जातं.

हा पूल जवळपास २२ किलोमीटरचा, त्यातले साडेसोळा समुद्रावर. तिथे वारा अडवायला ना झाड, ना इमारत. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. १० मीटर लांब आणि ३ मीटर उंच बस घ्या. ताशी ३६ किलोमीटरचा आडवा वारा तिला साधारण १८० किलो वजनाइतक्या जोराने ढकलतो. वारा ताशी ७२ झाला, की तोच जोर ७३० किलोच्या आसपास जातो. रिकामा कंटेनर भरलेल्याच्या आधी उलटतो तो यामुळेच: बाजू तेवढीच, वजन कमी.

पण बाईकसाठी खरा धोका आहे वारा अचानक बदलण्याचा. सलग वाऱ्यात आपण नकळत वाऱ्याकडे झुकून चालवतो. मध्येच मोठा ट्रक आडवा आला की वारा एकदम तुटतो, आपण मात्र झुकलेलेच असतो. बाईक ट्रककडे सरकते. ट्रक मागे पडला की झोत पुन्हा आदळतो. सावरायला वेळ मिळतो जेमतेम सेकंदभर.

स्कॉटलंडमध्ये फोर्थ रोड ब्रिजवर जानेवारी २०१७ मध्ये वाऱ्याने लॉरी उलटली आणि पूल जवळपास दिवसभर बंद राहिला. त्याच वर्षी शेजारी सुरू झालेल्या क्वीन्सफेरी क्रॉसिंगला कडेने वारारोधक लावलेत. पण असे वारारोधक स्वतःही वारा झेलतात, तो भार पुलावर येतो. त्यामुळे पूल बांधून झाल्यावर ते सहज बसवता येत नाहीत. म्हणून मला वाटतं, बाईकला परवानगी द्यायची चर्चा करायची असेल तर आधी वाऱ्यानुसार बदलणारी वेगमर्यादा आणि जोराच्या वाऱ्यात पूल बंद करण्याचा नियम हवा.

तोवर वाशी खाडी पुलावरून रोज बाईकने जाणाऱ्यांनी एक करा. वेदर ॲपमध्ये वाऱ्याचा नुसता सरासरी वेग बघू नका. त्याशेजारी ‘गस्ट’ म्हणजे झोताचा आकडा असतो, तो बघा. दोन्हींत मोठा फरक दिसला तर वेग कमी ठेवा, आणि ट्रकच्या बाजूने ओव्हरटेक नकोच.